सुपरोमॅट, मोरछाप आणि घरचं तेल

३ जानेवारी १९७४
नवीन वर्षाचा संकल्प (दोन दिवस उशिरा, डायरी मिळाली नव्हती): ऑफिसात आधुनिकता आणायची. सुरुवात सायक्लोस्टाईल मशीनपासून. जिनिंग सोसायटीचा मी हेडक्लार्क, आणि आमच्या नोटिसा निघतात हाताने फिरवायच्या मोरछाप मशीनवर. हँडल मारतो चपराशी सेवादास. बिघडलं की तो सायकलच्या ट्यूबचा तुकडा नाहीतर बाभळीची खुंटी लावतो आणि मशीन चालतं. याला दुरुस्ती म्हणत नाहीत.
सगळ्या कंपन्यांच्या मशीनचा तुलनात्मक अहवाल लिहिणार. चेअरमन बबनरावांना सांगितलं. ते म्हणाले, लिहा.

९ जानेवारी
पाहणी दौरा. मंगरूळपीरला एका ऑफिसात 'कमल' पाहिलं. शाई अर्ध्या कागदावर गडद, अर्ध्यावर नाहीच. दुरुस्तीला मुंबईला पाठवतात. परत येईपर्यंत साहेबाची बदली होते. रिसोडला 'भारत-किंग' होतं, पण उंदरांनी रोलर खाल्ला. आता त्यावर पाण्याचा माठ ठेवतात. म्हणजे मजबूत आहे. नोंद केली.
एसटीत पाय आखडले.

१५ जानेवारी
सेवादासने टेबलाजवळ येऊन विचारलं, "बाबूजी, मशीन आपोआप चालली त मले काहून ठेवतीन?"
अनसिंगकडच्या तांड्यावरून येतो. कित्येक वर्षं टेंपररीच आहे. मार्चच्या मीटिंगमध्ये त्याला कायम करण्याचा ठराव येणार. घरी म्हातारी आई, लहान पोरं, सगळं या नोकरीवर. मी म्हटलं, वेड्या, तू तर ऑपरेटर होशील. मीटिंगमध्ये मी स्वतः बोलेन. शब्द दिला.
दुपारी त्याने तुरीच्या शेंगा आणून दिल्या. घेतल्या. नाही म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.

२२ जानेवारी
अहवाल पूर्ण. विश्वासार्हतेत पहिला नंबर 'सुपरोमॅट', विजेवर चालणारं. प्रत्यक्ष पाहिलं नाही, पण नागपूरच्या एजंटचं रंगीत पत्रक आहे. दुरुस्तीच्या रकान्यात 'गरज पडत नाही' असं लिहिलं. पत्रकातच तसं आहे.
शेवट जरा हलका वाटला म्हणून 'एका माणसाची बचत' हा मुद्दा घातला. अहवालात असं लिहावं लागतं. त्याचा सेवादासशी काही संबंध नाही.

८ फेब्रुवारी
सुपरोमॅट आलं. नारळ फोडला. एजंटने बटण दाबलं आणि कागद सरसर बाहेर. सगळा स्टाफ वाकून पाहत होता. लाईट नसेल तेव्हासाठी एक हँडल सोबत होतं, ते मी परत केलं. मशीनवर असा अविश्वास दाखवणं बरं नव्हे.
तेलाची एक डबी दिली, औषधाच्या बाटलीएवढी. मोरछाप गोदामात, बारदान्याच्या मागे.

१६ फेब्रुवारी
डबी संपली. नागपूरला कुठे लिहीत बसायचं? घरचं जवसाचं तेल नेलं. ताजं, घाण्यावरचं.
ही म्हणाली, "काहून नेता? जवसाचं तेल वाळलं की चिकट होते. दाराले लावलं होतं, पॉलिश होऊन बसलं. इसरले का?"
दार वेगळं आणि मशीन वेगळं, हे बायकांना सांगून पटत नाही. सढळ हाताने घातलं. सेवादास फडकं घेऊन उभा होता. म्हणाला की हे तर खायचं तेल होय. मी त्याला चहा आणायला पाठवलं.

२ मार्च
लाईट बऱ्याच दिवसांनी आली. मशीनने गूं असा आवाज केला, फिरलं मात्र नाही. आत पिवळी राळ साचली आहे. लोखंडच हलकं वापरलेलं दिसतं. अहवालाला टीप जोडणार: 'वऱ्हाडची हवा सोसत नाही.'
सेवादासने मोरछाप बाहेर काढून नोटिसा काढल्या. मनातून फार बरं वाटलं. आता याला कोण काढणार? ठराव उलट सोपा झाला.

११ मार्च
नागपूरचा मेकॅनिक आला. मशीन उघडलं, बोट लावलं, वास घेतला. मोटर जळाली म्हणाला. यात कोणतं तेल टाकलं, असं विचारलं. बबनराव तिथेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
"शालिग्रामबाबू, या मशीनले हात कोन लावते?"
मी म्हणालो, सेवादास पुसतो. हे खरं आहे. रोज पुसतो. जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं.
सेवादास दारात होता. हातातल्या फडक्याची घडी घालत होता.
रात्री जेवण गेलं नाही. वरण फार घट्ट झालं होतं. संकल्प: मीटिंगमध्ये उभं राहून सगळा खुलासा करायचा.

२८ मार्च
मीटिंग. मुद्दे पाठ केले होते. सेवादासचा विषय निघाला तेव्हा उभा राहिलो. बबनरावांनी विचारलं, काय? मी म्हटलं, खिडकी लावू का. ते म्हणाले, लावा. लावली.
मग त्यांनी माझा अहवाल वाचला. 'एका माणसाची बचत' हे वाक्य दोनदा वाचलं. बबनराव म्हणाले, "तुमीच लिहेल हाय. अन् मशीनही त्यानंच खराब केली." एक एप्रिलपासून सेवादास बंद.
अहवालाची भाषा सर्वांना आवडली.

३० मार्च
ऑर्डरची स्टेन्सिल मीच टाईप केली. प्रती सगळ्या संचालकांना जायच्या. सुपरोमॅट बंद, मोरछाप मला चालवता येत नाही. शेवटी सेवादासलाच बोलवावं लागलं.
त्याने स्टेन्सिल खिडकीशी उजेडात धरली आणि सावकाश वाचली. मग विचारलं, "किती काढू, बाबूजी?"
काढल्या. शाई सारखी, कुठे डाग नाही. एक प्रत घरी नेऊ का म्हणाला. मी म्हटलं, ने. आईला वाचून दाखवावी लागेल, म्हणाला.
जाताना हँडल पुसलं, मशीनवर कापड टाकलं. "हिले घरचं तेल टाकू नका, बाबूजी."
म्हणजे याला सगळं माहीत होतं. मग मेकॅनिक आला त्या दिवशी बोलला का नाही? मला त्याचा राग आला. अजून आहे.

१७ एप्रिल
हँडल आता मीच मारतो. खांदा धरला आहे. नोटिसा काळ्या निघतात. मोरछाप फारच कुरकुरतं. सेवादासने काहीतरी करून ठेवलं असणार.
संकल्प: नवा तुलनात्मक अहवाल.
सकाळी घरून तेल नेलं. थोडंच. हिने या वेळी विचारलं नाही.