बाळाचा पापा

शहादा, मंगळवार, संध्याकाळ

शाळेत गोवर निघाला म्हणून मुख्याध्यापकांनी सुट्टी दिली आणि साथ घरपोच केली. आमची धाकटी छकुली दप्तर टाकून आधी माहेरी आलेल्या थोरल्या बहिणीच्या बाळाचा पापा घ्यायला धावली. आता तिला ताप, डोळे लाल. बाळ चार महिन्यांचे. गोवराची लस नवव्या महिन्यात. तापाला ज्वर म्हटले तरी अंगाची आग उतरत नाही, एवढेच माझे संस्कृत. हिने दाराला कडुनिंब लावला, मी डॉक्टरांना फोन. "वेगळे ठेवा, उद्या दोघांना आणा." फोन ठेवून मी मोजतोय: पापा एकच घेतला ना? की दोन?

बंद दाराआडून छकुली म्हणाली, "अप्पा, बाळले बी व्हई का?"

"काही व्हणार नही. झोप बेटा."

बातमीत इतके ठाम वाक्य मी दुजोऱ्याशिवाय कधी लिहीत नाही.