चवळीची राखण

१० जुलै, गुरुवार

चवळीचा सत्यानाश! माकडांनी चार ओळी ओरबाडून नेल्या. कोवळ्या शेंगा, फुलंसुद्धा. बोर अभयारण्याच्या जंगलातून टोळीच उतरते, जरा डोळा चुकला की संपलं. संध्याकाळी हे शेतातून आले ते तावातच. "राखणीवर कोन होतं?"

मी म्हटलं, पिंकी.

ती नेमकी तेव्हा मोबाईल पाहत बसलेली. हिसकावलाच यांनी! "जिले समोरचे माकडं नाई दिसले, ते पेशंट काय सांभाळन? नर्सिंग-बिर्सिंग काई नाई. वर्ध्याचं नाव घ्याचं नाई आता!"

पिंकीने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी थापत राहिले.

१२ जुलै

मोबाईल कोठीत, किल्ली यांच्या खिशात. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. पण वेड तिला आहेच, ते काही खोटं नाही — जेवताना मोबाईल, संडासात मोबाईल, हाक मारली तर नुसतं "हो" आणि उठायचं नाव नाही!

गावची आशा सेविका शालूबाई येऊन गेली. "मारझोड नका करजा जी. वर्ध्याले एक समुपदेशनवाली ताई हाये, घरातल्या सगळ्यायलेच समोर बसवते."

हे म्हणाले, "बिमार पोरगी, अन् दवा आमाले काऊन?"

१६ जुलै, बुधवार

वर्ध्याला गेलो तिघंही. ज्योत्स्नाताई अगदीच पोरसवदा. वाटलं, पिंकीला चार शब्द सुनावेल. तर तिघांनाही एकच प्रश्न — तुम्ही मोबाईल किती पाहता?

हे: "बाजारभाव पाह्यतो, अजून काय!" पिंकीने खरं सांगून टाकलं — सहा तास. मी म्हटलं, "मी? फोन आला तर उचलते."

पिंकी खिडकीबाहेर बघायला लागली.

तिचा मोबाईल परत मिळाला, पण अट आहे. संध्याकाळी सात ते नऊ तिघांचेही मोबाईल एका डब्यात.

१७ जुलै

सातला तिन्ही मोबाईल पोह्यांच्या रिकाम्या डब्यात. सव्वासातला माझाच हात झाकणावर! "पोहे हायेत का पाहून राह्यली," म्हटलं. डबा रिकामा आहे हे तिघांनाही माहीत.

२२ जुलै

आज बापलेक बोलले. बैल उधळला होता तेव्हाची गोष्ट, दोघंही हसले. मला मधे काही बोलायला सुचेना. वीस वर्षं या घरात — चहा दे, डबा दे, टोपलं उचल, एवढंच बोलत आले. मोबाईलमधल्या बाया किती गमतीचं बोलतात! आणि त्या काही मागत नाहीत. दोन तास डब्याकडे बघत बसले. लाज वाटते लिहायला.

३० जुलै

दुसरी बैठक. ताईंनी विचारलं, भांडण सुरू कुठून झालं? यांनी चवळीचं पुराण लावलं. ताई पिंकीला म्हणाल्या, "तुला यावर काय सांगायचंय?"

मी पिशवीतली पाण्याची बाटली शोधायला लागले.

"चूक झाली," पिंकी म्हणाली. बस, एवढंच.

ताईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग अ‍ॅडमिशनचा विषय काढला — आठ ऑगस्ट शेवटची तारीख. हे हटूनच बसले. "पयले मोबाईल सुटू द्या, मंग पाहू."

निघताना एकेक कोरा कागद दिला. घरातल्या एकाला तोंडाने सांगता येत नाही ते लिहा म्हणे. माझा अजून कोराच आहे.

३ ऑगस्ट

पिंकीने बॅग भरली. जेवणाआधी परत रिकामी केली.

६ ऑगस्ट

डब्यात माझ्या मोबाईलखाली पिंकीची चिठ्ठी होती. "आई, मोबाईल पाह्यताना तू हासते. एरवी नाई हासत. म्हनून बाबाले नाई सांगतलं."

चवळी गेली त्या दिवशी पिंकी दहाच्या बसने सेलूला कॉम्प्युटर क्लासला गेली होती. दहानंतर राखणीवर मी होते. कानात हेडफोन घालून.

यांची गाडी दारात आली. जाते, सांगते.