विलायती ढोलाची पारख

तात्या, तुमचा ड्रमसेट मी विकला. बँडच्या गाड्यावर बसून पस्तीस वर्षे ज्याच्यावर तुम्ही वराती वाजवल्या, तोच. तुम्ही गेल्यावर इंदापूरचे घर रिकामे करताना मी तो बारामतीला आणला, आणि माझ्याशिवाय कोणीही न राहणाऱ्या या घरात मागच्या खोलीत चादरीखाली ठेवला. गेल्या गुरुवारी पुण्याहून एक गृहस्थ आले. जुनी वाद्ये पारखून विकत घेणे हा त्यांचा व्यवसाय. विकण्याचे कारण विचाराल तर मला ते नीट मांडता येणार नाही. वापरात नसलेली वस्तू पडून राहू नये, असे मी स्वतःला सांगितले होते.

ते येण्याआधी चार दिवस मी तयारीत होतो. कोणता स्क्रू मूळचा आणि कोणता तुम्ही सायकलच्या दुकानातून आणून बसवलेला, याचे टिपण केले. झांजा काळवंडल्या होत्या, म्हणून सणाआधी देवाची भांडी घासतो तशी त्यांना चिंच लावून त्या लखलखीत केल्या. गृहस्थांनी त्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "काका, ही झांज आहे, समई नव्हे! कंपनीचा छापसुद्धा घासून टाकलात. निम्मी किंमत गेली हिची." जन्मभर इतरांच्या चुका दाखवत आलेला मी ओशाळून उभा राहिलो. मग त्यांनी प्रत्येक ढोल बोटाने वाजवून पाहिला, कडेवरून तळहात फिरवला, लाकडाला कुठे तडा आहे का ते पाहिले. मोठ्या ढोलावर ताणलेले पान सोडवताच ते म्हणाले, "आत काहीतरी कोंबलंय. आवाज फार घुमू नये म्हणून वाजवणारे उशी, गोधडी असं घालतात." त्यांनी बाहेर ओढले ते आईचे हिरवे इरकली लुगडे होते.

आईचा तेरावा आठवला. तिच्या लुगड्यांची मी यादी केली आहे, कोणते कोणाला द्यायचे ते नावानिशी लिहिले आहे, आणि एक कमी भरते आहे. तुम्ही खाली मान घालून बसला आहात. विचारल्यावर "मला न्हाय ठाव" एवढेच म्हणता. तेव्हा मी सगळ्या भावकीसमोर तुमच्या बहिणीला विचारतो, "आत्या, तुझ्या पिशवीत चुकून आलं आहे का?" आत्या पिशवी जमिनीवर उलटी करते. फणी, पानाची चंची, एक धडपं. ते सगळे पुन्हा भरून ती डाळजला, तिच्या घरी निघून जाते. त्यानंतर तिने आपल्या इंदापूरच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. तुम्ही गेलात तेव्हाही ती अंगणातूनच माघारी फिरली.

त्या गृहस्थांना मी तो पायाने वाजवायचा मोठा ढोल एकदा लुगड्यासह आणि एकदा लुगड्याशिवाय वाजवायला सांगितले. रिकामा ढोल लांबवर घुमला. लुगड्यासह तो आखूड, दबका बोलला, आणि तो आवाज मी ओळखला. आई गेल्यानंतरच्या तुमच्या प्रत्येक वरातीत तो होता. तात्यांच्या पायात आता जोर राहिला नाही, असे मी लोकांना सांगत असे. "कपडा घालून जास्त बरा वाजतो," गृहस्थ म्हणाले, "पण किमतीत कपडा धरता येत नाही." तयार ठेवलेला एकही मुद्दा न मांडता मी त्यांचा आकडा मान्य केला.

रविवारी डाळजला गेलो. आत्या ओसरीवर शेंगा फोडत होती. क्षमा मागण्यासाठी वाटेत जुळवलेली वाक्ये मला आठवेनात, म्हणून लुगडेच तिच्यापुढे ठेवले.

"घावलं व्हय?" ती म्हणाली. "मीच घडी घालून दिलं हुतं तुझ्या बाला."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? दादा म्हनला, पोराला सांगू नगं, त्यो यादीत लिवंल आन् कुनाला तरी देऊन टाकील." ती दात नसलेल्या तोंडाने हसली. "पिशवी उलटी करताना लय राग आला हुता बघ. तुझा न्हाय, त्याचा. बहिनीचं नाव जातंय आन् ह्यो मूग गिळून बसलाय!"

तिने मला चहा दिला. काठावरून एकदा हात फिरवून लुगड्याची घडी माझ्या मांडीवर ठेवली. "ने माघारी. हुतं तितंच ठेव. ढोल हाय न्हवं घरात?"

"आहे," मी म्हणालो.

तात्या, मी खोटे बोललो, हे सांगावे असे बारामतीत माझे कोणी नाही. म्हणून तुम्हाला लिहिले.