दगड तुझ्याकडे, वस्तरा माझ्याकडे

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा, गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून, नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा खोकला? (माझ्या गेल्या दोन पत्रांना उत्तर न देण्याइतके तुम्ही ठणठणीत आहात, असं धरून चालते.)

इकडे आणीबाणी आहे. रविवारी लेक चार महिन्यांच्या बाळाला घेऊन पहिल्यांदाच येतेय आणि यांच्या अकरा दिवसांच्या दाढीचं पायपुसणं झालंय. पायपुसण्याला कोणतं बाळ गाल लावील? यांचा हात हल्ली थरथरतो. सलूनमध्ये जायची लाज वाटते (तिथे सगळे हाताकडेच बघतात म्हणे), आणि प्लॅस्टिकच्या रेझरला हे खेळणं म्हणतात. शेवटी म्हणाले, आप्पांचा वस्तरा काढ, तूच कर. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर नवऱ्याने आपणहून गळा पुढे करावा, याहून मोठा विश्वास मी तरी पाहिलेला नाही.

वस्तरा बोथट होता. मग आप्पांचा धार लावायचा चामड्याचा पट्टा खिडकीच्या कडीला अडकवला, त्यांच्यासारखीच छाती काढली आणि सर्रकन हात मारला. अर्धा पट्टा कडीला राहिला, अर्धा माझ्या डाव्या हातात आला. (कॉन्व्हेंटात सिस्टरांनी क्रोशा शिकवला, नरकाचा सगळा नकाशा शिकवला, उपयोगाचं एक शिकवलं असेल तर शपथ.) हे तोंडाला फेस लावून वाट बघत बसलेले. फेस वाळला, तरी जागचे हलले नाहीत. भीतीने असेल.

वस्तरा आणि पट्ट्याचे दोन तुकडे घेऊन मी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “बाई, पात्याची पाठ पुढे, धार मागे! तुम्ही तर पट्ट्याचीच दाढी केलीत.” मग अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून बघितलं. “मेलीय धार. आता नुसता पट्टा काय करणार? आधी दगडावर पाजवायला हवा. मी आपला ब्लेड बदलणारा माणूस. वडलांचा दगड असेलच की घरी.”

 आप्पा गेल्यावर वाटणीच्या दिवशी मी मखमली डबीतला वस्तरा उचलला होता आणि साबणाने पांढरा पडलेला तो दगड तुझ्याकडे सरकवत म्हणाले होते, घे, तुझ्या डोक्याला शोभतो. सगळे हसले. तूही हसलास, पण चहा न घेता गेलास.

तो दगड तू दार आपटू नये म्हणून दाराशी लावतोस, असं वहिनी म्हणाली होती. दार आपटू दे. दगड काढ.

तुझी,
छोटी

ता. क. दगड पार्सलने नको, फुटेल. शनिवारी तूच घेऊन ये. आप्पांचा पट्टा ताणून धरायला रोज तूच उभा असायचास. पाठ पुढे, हे तुला न सांगता माहीत असणार.

आणखी एक. आप्पांनी वस्तरा मला दिला, असं मी सांगितलं होतं ना? थाप होती. “दोन्ही त्याला दे, ताटातूट करू नकोस,” असं म्हणाले होते ते. (हे पाप मी सिस्टरांनासुद्धा कधी सांगितलं नसतं.) तेव्हा यांची दाढी झाली की वस्तरा घेऊन जा. चहा घेतल्याशिवाय मात्र हलायचं नाही.