बटण मीच बंद केलं

रविवार, संध्याकाळ

खोटं बोलले. तेही देवळातून येऊन, हातात प्रसाद असताना.

सूनबाई शेवगावच्या कॉलेजात शिकवते. उद्या तिथे प्रोग्रामिंगची स्पर्धा. सगळी स्पर्धा ज्याच्यावर चालणार तो सर्व्हर ती घरच्या कॉम्प्युटरवर तयार करत होती. एकामागून एक सॉफ्टवेअर टाकायची, आधीचं नसेल तर पुढचं चालत नाही म्हणे. ते लावून ती दळण आणायला गेली. कॉम्प्युटरचा पडदा काळा दिसला, मला वाटलं उगाच वीज जळतेय. देवळात निघताना बटण बंद केलं.

परतले तर ती डोकं धरून बसलेली. "आई, हा आपोआप बंद पडला का?"

"पडला असेल बाई."

का बोलले तसं? सुनेपुढे कमीपणा नको म्हणून?

मग तिने कॉलेजातल्या सरांना फोन लावला. "मशीनच खराब दिसतंय. उद्या मध्येच बंद पडलं तर? स्पर्धा रद्दच करू." खेड्यापाड्यातली पोरं महिनाभर तयारी करताहेत. प्रसाद हातातच राहिला.

"अगं, ते बटण मीच बंद केलं."

ती बघतच राहिली, मग हसत सुटली. "म्हणजे मशीन धडधाकट आहे! आई, तुमच्या काटकसरीला कोपरापासून नमस्कार."

पुन्हा पहिल्यापासून लावलंय. सांजेची आरती मी त्या बटणाशेजारी बसून म्हटली.