शिफ्ट धरून डिलीट

४ ऑक्टोबर १९९९, सोमवार
आजपासून कारखान्याचा ई-मेल माझ्या ताब्यात. देवचंदशेठ म्हणाले, अभिमनराव, रोज शंभर फालतू मेल येतात, कामाचे त्यात बुडून जातात, तुम्हीच काहीतरी करा. शेठना माणसाची पारख आहे. आजवर हे काम लताबाई ऑपरेटर करायच्या. त्या प्रत्येक मेल उघडून वाचतात. शत्रूची कोणी इतकी विचारपूस करतं का?
संकल्प: दिवाळीच्या आत अख्ख्या जळगावात सर्वांत साफ इनबॉक्स आपला.

५ ऑक्टोबर, सकाळी ११
पहिली चकमक. वरच्या मेलवर क्लिक, शिफ्ट धरून खालच्यावर क्लिक, डिलीट. त्रेसष्ट ठार. लताबाई म्हणाल्या, ते मेले नाहीत, दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन पडलेत, परत काढता येतात. म्हणजे नुसते जखमी. डिलीट दाबतानाही शिफ्ट धरली की मात्र मुडदासुद्धा सापडत नाही. दिवसभर तोच सराव केला.

७ ऑक्टोबर
डिलीटचं बटण उखडलं. लताबाईंच्या मते ते बोटाने दाबायचं असतं, ठोसा मारायची गरज नसते. त्यांना यातला जोश कळत नाही.
मस्कतहून एक मेल. विषय: हॅलो दादा. मस्कतमध्ये मला दादा म्हणणारा एकच माणूस, माझा धाकटा भाऊ भटू. आठ वर्षांपूर्वी मी लावून दिलेली नोकरी लाथाडून तो तिकडे निघाला, तेव्हा आमच्या गावी, दोंडाईच्याच्या प्लॅटफॉर्मवर मी त्याला पट्ट्याने फोडला होता. शिस्त म्हणून. तेव्हापासून पत्र नाही. म्हणजे हा तो असूच शकत नाही. बनावट मेल. शिफ्ट धरून ठार.

१२ ऑक्टोबर
मस्कतवाला हटत नाही. आज चौथा. लताबाईंनी विचारलं, एकदा उघडून बघू का. मी नाही म्हणालो. एकाला सोडलं की सगळे घुसतात. मग प्रोग्राममध्ये रूल टाकला: विषयात 'हॅलो' किंवा 'दादा' असेल तो मेल सर्व्हरवरच कापायचा. इथे यायच्या आधीच मुंडकं उडतं. आता बोटही उचलावं लागत नाही.

१६ ऑक्टोबर
जामनेरच्या डीलरचा फोन. त्याने पाइपांची ऑर्डर तीनदा मेल केली म्हणे. विषय काय लिहिला होता विचारलं, तर 'हॅलो सर'. मी म्हणालो, पुढच्या वेळी एवढी सभ्यता नको. तो दहा मिनिटं शिव्या देत होता. रूल उत्तम चालतोय याचा हा पुरावाच.

२० ऑक्टोबर, बुधवार, दुपार
भटू आला.
बायकोला घेऊन सकाळपासून तीन तास जळगाव स्टेशनवर उभा होता. आमच्या वडिलांना, नानांना, मी दिलेल्या व्हिजिटिंग कार्डावरून त्याने ई-मेलचा पत्ता मिळवला होता. चारही मेलमध्ये म्हणे एकच मजकूर: वीस तारखेला येतोय, तू स्टेशनवर आलास तर मागचं सगळं मिटलं असं समजेन.
सगळ्या ऑफिससमोर त्याने विचारलं, मेल मिळाले का. मी शांतपणे रूल समजावून सांगितला. शिफ्टचंही सांगितलं. तेवढ्यात त्याच्या बायकोने वाकून नमस्कार केला. मी आशीर्वादाला हात उचलतो तोच भटूने कीबोर्ड उपसून माझ्या डोक्यात घातला. कीबोर्डचे दोन तुकडे. मीही त्याची कॉलर धरून दोन दिले. एक त्याच्या ओठावर बसला, दुसरा प्रिंटरवर. परत मारणार होतो, पण लताबाई मधे उभ्या राहिल्या. माझ्या भुवईला चार टाके. डॉक्टरांना कपाट लागलं म्हणून सांगितलं.
जाताना भटू ओठ पुसत म्हणाला, "आठ वर्षं वाट पाहिली, दादा. आता नाही पाहणार."
एकंदरीत परिस्थिती मी आटोक्यात ठेवली.

२१ ऑक्टोबर
दोंडाईच्याहून नानांचा फोन. म्हणाले, "तुना भाऊ शे तो. डास नही शे." मी सांगू लागलो की भाऊ आहे, डास नाही, हे मान्य, पण ही टेक्निकल बाब आहे. त्यांनी फोन ठेवला.
संकल्प: रविवारी दोंडाईच्याला जायचं आणि मोठ्या मनाने भटूला माफ करायचं.

२४ ऑक्टोबर, रविवार
टाके ठणकत होते. गेलो नाही. त्यालाही पश्चात्तापाला वेळ मिळावा.

३१ ऑक्टोबर, रविवार
दोंडाईच्याला गेलो. भटू शुक्रवारीच मस्कतला परत गेला, सुट्टी अर्धी टाकून. नानांनी पाणी दिलं. परतीच्या गाडीला तीन तास होते. तेवढा वेळ प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो.

३ नोव्हेंबर
भटूला मेल लिहिला. त्याचा पत्ता मी पुसून टाकला होता. लताबाईंनी चौथा मेल आला त्याच दिवशी आपल्या वहीत उतरवून ठेवलेला. मी तीन पानं लिहिली, रूलच्या फायद्यांसकट. लताबाई वाचत गेल्या आणि विचारत गेल्या, हे ठेवायचं का. शेवटी एक ओळ उरली. भटू, माझं चुकलं.
त्याने उघडला की आपल्याला कळेल, अशी खूण त्यांनी मेलला लावून दिली. सेंडसुद्धा त्यांनीच दाबलं.

६ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी १०
पोच आली. इंग्रजीत आहे. लताबाईंनी अर्थ सांगितला: तुमचा मेल आज न वाचता डिलीट करण्यात आला.
खाली वेळसुद्धा दिली आहे.
उद्या लक्ष्मीपूजन. इनबॉक्समध्ये सत्तर मेल पडलेत, सगळे फालतू. लताबाई म्हणाल्या, ही पोच काढून टाकू का.
म्हणालो, राहू द्या.