पाय धुण्याचा रविवार

प्रिय लोरेना,

आपल्या योग्यतेहून अधिक देणाऱ्या आणि आपल्या अपराधांहून कमी शिक्षा करणाऱ्या प्रभूची कृपा तुझ्यावर असो.

गहू घोट्याएवढा झाला आहे. वारा मात्र थांबत नाही. खिडक्या खडखडतात आणि मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते. शास्त्र उघडले, तर पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर येते. काल ज्वीबाकचे दुमजली पाव भाजले. वरचा छोटा गोळा खाऊन खालचा पाव ताटात ठेवणारा तुझा भाऊ गेलन आता नाही, हे हातांना अजून कळत नाही. सवयीने मी जास्तच केले.

ते संपवायला आपल्या चर्चमंडळीचे वडीलधारे वाल्डो गोरिंग आले होते. गुरुवारी राज्याच्या राजधानीत, टोपिकाच्या सभागृहात देहदंड रद्द करण्याच्या विधेयकावर मतदान आहे आणि ते एका मताने पडेल वा तरेल, हे त्यांनी मला जणू मी वर्तमानपत्र वाचतच नाही अशा थाटात सांगितले. मग म्हणाले, “सभागृहात आपल्या मेनोनाइट पंथाची एकुलती एक पोरगी, आणि तीच पलीकडच्या बाकावर, देहदंड राखू पाहणाऱ्यांत. सारा, तू आई आहेस. लिही तिला.”

मी लिहीन म्हटले.

माझे मत तुला ठाऊक आहे. आपल्या पूर्वजांना त्यांच्या श्रद्धेपायी राजाज्ञेने नदीत बुडवले, तेही कायद्यानेच. तेव्हापासून आपण शस्त्र धरत नाही, शपथ घेत नाही. तूही सभागृहात शपथेऐवजी साधे वचन दिलेस, तेव्हा मला अभिमान वाटला. प्राण देणाऱ्यानेच तो परत मागावा, सरकारने नव्हे, असे मी मानते. गेलनला दुकानात गोळी घालणाऱ्या त्या तरुणाच्या बाबतीतही मानते. परंतु मानणे आणि निजणे यांत अंतर आहे. त्याचे छायाचित्र पाहिले, तेव्हा तो मेलेला असावा असे मला वाटले, आणि अजूनही काही सकाळी तसेच वाटते. माझी श्रद्धा माझ्या मनातून उगवलेली नाही, लोरेना. ती माझ्या मनाला अडवून उभी आहे. तिने मला मत दिले, तुझ्यावर हुकूम चालवण्याचा अधिकार दिला नाही. ज्यांना जबरदस्तीने देव मानायला लावण्यात आले, त्यांच्या वंशजांनी तरी हे विसरू नये.

गेलनच्या दफनानंतर तू म्हणालीस, “आई, तुझा देव क्षमा करतो, पण रात्री गेलनच्या खुर्चीत येऊन बसत नाही.”  

तेव्हापासून तू प्रभुभोजनाला येत नाहीस. ज्याचे कोणाशी वैर आहे त्याने आधी समेट करावा, मग भोजनाआधी एकमेकांचे पाय धुवायला बसावे, हा आपला नियम. तुझा राग शमलेला नाही, म्हणून तू तो प्रामाणिकपणे पाळतेस. बायकांच्या खोलीत आपली जोडी ठरलेली होती. आता मला दरवेळी कोणी तरी नवी जोडीदारीण देतात. त्या माझ्या पायांना फार जपून हात लावतात.

वाल्डोंनी मागितलेले पत्र हे नव्हे. मतदान कसे करावेस, हे यात कुठेही लिहिलेले नाही आणि लिहिणार नाही. गुरुवारी तुला जे करायचे ते कर. मी लिहिले ते येत्या रविवारसाठी. आपल्या प्रभूने शेवटच्या भोजनाच्या संध्याकाळी ज्या शिष्यांचे पाय धुतले, त्यांत त्याला धरून देणाराही होता. समेटाची वाट त्याने पाहिली नाही. नियम मोडल्याबद्दल वाल्डो रागावतील, ते मी पाहीन. मी तस्तात कोमट पाणी घेऊन भिंतीकडच्या खुर्चीपाशी बसेन. मतदानात तू होय म्हणून ये, नाही म्हणून ये, रागासकट ये. मीही शांत मनाने येणार नाही.

तुझीच,
आई

ता. क. तुझ्या कार्यालयात हे पाकीट आधी कोणी उघडले असेल तर संकोच नको. हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या थकल्या पायांना घरची वाट लाभो, आणि दारात कोणी तरी पाणी घेऊन उभे असो.